बॉनेट उघडू नका!

गेल्या महिन्यात या सदरात एका वाचकाला उत्तर देताना मी जग्वारच्या 'एक्सजे-१३' या गाडीचा ओझरता उल्लेख केला. त्यावर एकवीस पत्रं आली, त्यातली चार माझी चूक दाखवणारी. इतकी पत्रं मायलेजच्या प्रश्नालाही येत नाहीत. म्हणून या वेळी क्लच, बॅटरी आणि 'सीएनजी बसवू का' हे सगळं पुढच्या अंकावर ढकलतो. हा महिना कधी विकायला न आलेल्या स्पोर्ट्स कारचा. त्यांची मातीची, लाकडाची मॉडेलं, शोमध्ये मिरवून गोदामात गेलेले नमुने, आणि भंगारात निघालेलेसुद्धा.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी पत्रकार नाही. पॅटर्नमेकर (ओतकामाचे लाकडी नमुने करणारा) म्हणून आयटीआयमधून निघालो आणि चिंचवड-भोसरी पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या मॉडेल शॉपमध्ये नोकरी काढली.

एक्सजे-१३ ल माँच्या शर्यतीत हरली, असं तुम्ही लिहिलंत. ती तिथे उतरलीच नव्हती. दुरुस्ती छापणार का?
*– एक वाचक, ठाणे*

छापतो, आणि कान पकडतो. ती गाडी ल माँलाच काय, कुठल्याच शर्यतीत उतरली नाही.

१९६६ मध्ये ती तयार झाली. एकच गाडी. १२ सिलिंडरचं ५ लिटरचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, आणि बॉडी माल्कम सेयर यांची. हे सेयर विमानांच्या कारखान्यातून आलेले गृहस्थ. जग्वार ई-टाइपचा आकारही त्यांचाच. स्वतःला स्टायलिस्ट म्हणवून घेणं त्यांना आवडत नसे. बॉडीची प्रत्येक वक्ररेषा ते आकडेमोड करून बिंदू-बिंदूने कागदावर मांडायचे. आमच्यासारखे लोक हाताने चाचपडत जिथे पोचतात, तिथे हा माणूस गणित करत पोचायचा. मला त्यांचा हेवा वाटतो, थोडा रागही येतो.

कंपनीत तेव्हा विलीनीकरणाची धामधूम होती. गाडी झाकून ठेवली गेली. १९६७ मध्ये ती बाहेर काढली, तेव्हा डेव्हिड हॉब्ज यांनी इंग्लंडमधल्या न्यूनीटनजवळच्या मायरा या चाचणी-मैदानावर ताशी सुमारे २६० किलोमीटरच्या सरासरीने फेरी मारली. पण १९६८ पासून शर्यतीच्या नियमांनी अशा प्रोटोटाइपना ३ लिटरची मर्यादा घातली. ५ लिटरचं इंजिन घेऊन जाणार कुठे?

यापुढचा भाग मी गेल्या वेळी गाळला, तो खरा सांगण्यासारखा आहे. जानेवारी १९७१ मध्ये १२ सिलिंडरच्या नव्या ई-टाइपच्या जाहिरात-फिल्मसाठी ही गाडी पुन्हा मायरावर नेली. टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्युइस यांनी ती बँकिंगवर, म्हणजे तिरप्या वळणावर पळवली, मागच्या चाकाने दगा दिला आणि गाडी कोलांट्या खात गेली. ड्युइस सुखरूप बाहेर आले, गाडीचा मात्र चोळामोळा झाला. तो सांगाडा काही वर्षं पडून राहिला. मग लक्षात आलं, की पत्रा ठोकण्याचे मूळ साचे ॲबी पॅनेल्स या बॉडीवाल्यांकडे अजून आहेत. त्यांवरच नवी कातडी ठोकली आणि १९७३ मध्ये गाडी पुन्हा लोकांसमोर आली. चाकांवरच्या कमानी मूळच्या गाडीसारख्या अगदी नाहीत, ते जुने फोटो शेजारी ठेवले की दिसतं. साचे कुणीतरी जळणात घातले नाहीत, म्हणून ती आज इंग्लंडमधल्या गेडनच्या संग्रहालयात उभी आहे.

काका, १९७१ ची पिवळी लॅम्बोर्गिनी काउंटॅश अपघात-चाचणीत तोडली असं वाचलं. पण २०२१ मधला तिचा चकचकीत फोटोही पाहिला. यातलं खरं काय? मी प्रॉडक्ट डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे.
*– एक विद्यार्थिनी, सांगली*

दोन्ही खरं आहे, फक्त त्या दोन गाड्या आहेत.

मार्च १९७१ मध्ये जिनिव्हाच्या शोमध्ये बेर्तोने या बॉडीकारांच्या स्टँडवर ती पिवळी गाडी आली. नाव एलपी ५००. रेखाटन मार्चेल्लो गांदिनी यांचं. 'काउंटॅश' हा इटलीतल्या पिएमाँत भागातल्या बोलीतला उद्गार, आपण 'आयला!' म्हणतो त्या जातीचा. लोकांनी ती पाहिली, आणि कंपनीला कळून चुकलं की ही विकायला काढावी लागणार.

आता अडचण बघ. शोमधली गाडी दिसायला स्वच्छ होती. इंजिनला हवा मिळावी म्हणून मागे फक्त माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी होत्या. प्रत्यक्ष रस्त्यावर इंजिन तापायला लागलं. मग दारांमध्ये खोल खाचा आल्या, खांद्यांवर हवा ओढणारे खोके आले. तू पोस्टरवर जी काउंटॅश बघतेस तिचा अर्धा रागीटपणा या गरम होणाऱ्या पाण्यातून आलाय. पहिल्या चित्रात तो नव्हताच. खालची फ्रेम बदलली, इंजिन ५ लिटरचं होतं ते ४ लिटरवर आलं. इतकं बदलल्यावर जुनी पिवळी कुणाला हवी? १९७४ मध्ये परवान्यासाठी एक गाडी आपटून दाखवावी लागणार होती. नवी कोरी आपटण्यापेक्षा हीच दिली. कुठे आपटली? मायरावर! एक्सजे-१३ जिथे उलटली, तिथेच. त्या मैदानाला काय म्हणावं ते तूच ठरव.

उरलेलं भंगारात गेलं. पुढे एका संग्राहकाने कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या विभागाला विचारलं, की पुन्हा करून द्याल का. त्यांनी फोटो, बैठकांच्या नोंदी, परवान्याचे कागद, रेखाटनं असं सगळं गोळा केलं आणि २५ हजारांहून जास्त तास खर्चून ती उभी केली. पिरेल्लीने १९७१ चे टायरसुद्धा पुन्हा बनवले. २५ हजार तास म्हणजे एकट्या माणसाने रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस काम केलं तर दहा वर्षं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती लेक कोमोच्या काठी दाखवली. तू पाहिलास तो फोटो हिचा.

माझं मत विचारशील, तर ती प्रतिकृती आहे, आणि कंपनीनेही ती पुनर्निर्मिती म्हणूनच मांडली. पण एक्सजे-१३ चं काय? तिचा सांगाडा जुना, कातडी नवी. मी तिला खरी मानतो, हिला मानत नाही. माझ्या मुलाला हा भेद पटत नाही. तुझ्या वर्गात वाद घालून बघ आणि निकाल कळव.

आमचं घर पेणचं, गणपतीच्या कारखान्याचं. मोटारींचं 'क्ले मॉडेल' करतात ती माती आपल्या शाडूसारखीच असते का?
*– एक मूर्तिकार, पेण*

या प्रश्नाची मी तीन वर्षं वाट बघत होतो.

नाही, तुमच्या शाडूला पाणी लागतं. ती वाळते, तडकते, आणि विसर्जनात विरघळते. आमची माती मातीच नसते. तिच्यात मेण, तेल आणि भुकटी. जुन्या जातीत गंधकही असायचं. विटकरी-तपकिरी रंगाच्या जाड कांड्या येतात. त्या साठेक अंशांच्या भट्टीत तापवायच्या, लोण्यासारख्या झाल्या की तळहाताने दाबत, ओढत लावायच्या. थंड झाली की खरवडता येते, कापता येते, महिनोन्‌महिने तशीच राहते. वाळणं हा प्रकार नाही. गंधकाचा वास मात्र केसांत बसतो. माझ्या लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आमच्या घरात नियम होता, आधी मोरीत जायचं आणि मग चहा.

गाडीचं मॉडेल आतून भरीव नसतं. खाली लोखंड-लाकडाचा सांगाडा, त्यावर फोम, आणि वर दोन-चार सेंटिमीटर क्ले. तरी पूर्ण आकाराचं मॉडेल टनाच्या घरात जातं. ते सपाट लोखंडी पाट्यावर उभं असतं, म्हणजे कुठल्याही बिंदूची उंची हाइट गेजने मोजता येते. वेळ कमी असला तर अर्धीच गाडी करतात आणि मधल्या रेषेवर आरसा लावतात. कधी डावी बाजू एका डिझायनरची, उजवी दुसऱ्याची. साहेब लोक गोल फिरतात आणि एका बाजूला मान हलवतात. दुसऱ्या बाजूचा डिझायनर तेव्हा खिडकीबाहेर बघत असतो.

तुमच्या कामाशी जुळणारी गोष्ट म्हणजे आखणी. तुम्ही डोळ्यांची आखणी शेवटी करता आणि मूर्ती बघायला लागते, तसं आमच्याकडे शेवटी डायनॉक लावतात. ही पातळ फिल्म. कोमट पाण्यात भिजवून दोन माणसांनी चार कोपरे धरून ताणायची आणि क्लेवर बसवायची. चंदेरी रंगाची असली की पाच मिनिटांत मातीचा पत्रा होतो. मग दिवे मालवून वरच्या ट्यूबलाइटी लावायच्या आणि उकिडवं बसून त्यांची प्रतिबिंबं बघायची. दारावरून मागच्या मडगार्डवर जाताना ट्यूबची रेघ कुठे थरथरली, तर तिथे अर्धा मिलिमीटर माती जास्त आहे. हात लावूनही ते कळतं, नुसत्या डोळ्यांनी नाही. आमचे उस्ताद डोळे मिटून तळवा फिरवायचे आणि म्हणायचे, "इथं पोट आलंय."

क्लेची ही पद्धत अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हार्ली अर्ल यांनी रुजवली. १९२७ पासून तिथला डिझाइनचा विभाग त्यांच्या हाती होता. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात दाखवलेली पहिली कॉर्व्हेट स्पोर्ट्स कार त्यांच्याच देखरेखीखाली झाली. लोकांची झुंबड बघून त्याच वर्षी फायबरच्या बॉडीच्या ३०० गाड्या काढल्या. इटलीवाले मात्र बराच काळ क्लेपेक्षा लाकूड, प्लास्टर आणि थेट ॲल्युमिनियमचा पत्रा यांवर विश्वासून होते. पत्रा ठोकणाऱ्याला ते 'बात्तिलास्त्रा' म्हणतात. पुण्याच्या तांबट आळीत हंड्याला मठार देताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे काम वेगळं समजावून सांगायला नको.

एक फजितीही सांगतो. आमच्या मॉडेल शॉपमध्ये एकदा दोन दारांच्या एका छोट्या गाडीचं पूर्ण मॉडेल तयार झालं. फिल्म चढली, चाकं लागली, शुक्रवारी सकाळी मोठे साहेब येणार. गुरुवार आमच्या पट्ट्यात कारखान्यांच्या सुट्टीचा. कुणीतरी वीज वाचवायला म्हणून एसी बंद करून गेलं. मे महिना, वर पत्र्याचं छप्पर. शुक्रवारी दार उघडलं तर गाडीचं छत मध्यभागी चांगलं बोटभर बसलेलं, आणि वरची फिल्म म्हाताऱ्याच्या हाताच्या कातडीसारखी सुरकुतलेली. साहेब आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "रूफलाइन खाली घेतली ते बरं केलंत." आम्ही कुणीही तोंड उघडलं नाही.

ती गाडी कधी निघाली नाही. पुढच्या वर्षी आम्हीच कुदळीने मॉडेल फोडलं. क्ले फेकत नाहीत, पुन्हा तापवून वापरतात. त्या स्पोर्ट्स कारचं बॉनेट एका ट्रकच्या केबिनमध्ये गेलं, हे मी स्वतः थापलंय म्हणून सांगतो.

मोटार-शोमध्ये फिरत्या तबकडीवर ठेवतात त्या गाड्या खरंच चालतात का, की नुसत्याच दाखवायच्या?
*– एक शिक्षिका, नाशिक*

बाई, निम्म्या ढकलत आणलेल्या असतात.

सगळ्यात प्रसिद्ध किस्सा लॅम्बोर्गिनीच्या पहिल्याच गाडीचा. १९६३ च्या तुरिन शोमध्ये ३५० जीटीव्ही उभी राहिली. फ्रांको स्काल्योने यांनी काढलेली, लपवता येणारे दिवे, धारदार नाक. ऐन वेळी कळलं, की इंजिन बॉनेटखाली मावतच नाही. इंजिन नाही तर पुढची बाजू वर उचललेली दिसणार. मग त्या जागी विटा भरल्या. (काही जण फरशा म्हणतात. वजन महत्त्वाचं.) आणि शोचे सगळे दिवस एकच आज्ञा: बॉनेट उघडू नका! विक्रीची ३५० जीटी पुढच्या वर्षी आली, तेव्हा मिलानच्या तूरिंग या बॉडीवाल्यांनी बॉनेट आणि बरंच काही बदललेलं होतं. विटांची ती गाडी बरीच वर्षं विस्मरणात पडून होती, १९८० च्या दशकात तिला पुन्हा उभं केलं आणि या वेळी आत इंजिनही बसवलं.

फेरारी पिनिन ही १९८० ची चार दारांची गाडी. शोमध्ये तिच्यातलं इंजिन नावालाच होतं. ती स्वतःच्या ताकदीने चालली २०१० मध्ये, नव्या मालकांच्या खर्चाने. तीस वर्षं वाट बघणारी गाडी!

पण उलटी उदाहरणंही आहेत. १९६७ ची लॅम्बोर्गिनी मार्झाल घ्या, दारं जवळजवळ पूर्ण काचेची. त्या वर्षी मोनॅकोच्या ग्रां प्रीआधी तिथले राज्यकर्ते प्रिन्स रेनिए यांनी ती सर्किटवर फिरवली, शेजारी प्रिन्सेस ग्रेस. आणि माझी आवडती, १९७० ची लान्चा स्ट्रॅटोस झीरो. उंची ८४ सेंटिमीटर! तुमच्या वर्गातल्या बाकाहून फार उंच नसेल. दार नाही. पुढची काच वर उचलायची आणि तिच्यातून आत पाय टाकून आडवं व्हायचं. आत लान्चाच्याच फुल्विया गाडीचं १.६ लिटरचं साधं इंजिन. नुच्चो बेर्तोने ती स्वतः चालवत लान्चाच्या कार्यालयात गेले आणि फाटकाचा आडवा दांडा वर न उचलताच त्याच्या खालून आत शिरले, असं सांगतात. काम मिळालं. त्यातून निघालेली स्ट्रॅटोस या झीरोसारखी जराही दिसत नाही, पण तिने १९७४, ७५ आणि ७६ अशी लागोपाठ तीन वर्षं जागतिक रॅलीचं अजिंक्यपद लान्चाला मिळवून दिलं.

पोर्शे ९११ चं खरं नाव ९०१ होतं, यावर मित्राशी शंभर रुपयांची पैज लागली आहे.
*– एक वाचक, डोंबिवली*

होतं म्हणणारा जिंकला. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टला ती ९०१ म्हणूनच दाखवली. मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक फ्रान्समध्ये आमचे, असा प्यूजोने आक्षेप घेतला आणि शून्याच्या जागी एक आला. त्या थोड्या खऱ्या ९०१ पैकी एक, ५७ क्रमांकाची, २०१४ मध्ये एका जर्मन कोठारात गंजलेली सापडली. पोर्शेच्या संग्रहालयाने तीन वर्षं खपून ती पुन्हा उभी केली. शंभरातले पन्नास चहाला पाठवा.

इतक्या मेहनतीने केलेले हे नमुने कंपन्या नष्ट का करतात? जपून ठेवायला काय होतं?
*– एक निवृत्त बँक कर्मचारी, रत्नागिरी*

तुम्ही बँकेत होतात, तेव्हा कारण तुम्हाला लवकर समजेल. जबाबदारी! नमुना-गाडीच्या पुरत्या चाचण्या झालेल्या नसतात. ब्रेक जेमतेम, काच कधी कधी प्लास्टिकची. ती बाहेर कुणाच्या हाती गेली आणि माणूस मेला, तर दावा कंपनीवर. त्यात जागेचं भाडं, आणि नवा साहेब. नव्या साहेबाला जुन्या साहेबाच्या लाडक्या गाडीचं तोंड बघायचं नसतं, हे कारण कुठल्याच कागदावर सापडणार नाही, पण मी ते दोनदा पाहिलंय.

जनरल मोटर्सने १९५० च्या दशकातल्या मोटोरामा या फिरत्या प्रदर्शनातल्या काही गाड्या डेट्रॉइटजवळच्या वॉरहूप्स नावाच्या भंगारवाल्याकडे मोडायला पाठवल्या. भंगारवाल्याचा हात धजला नाही. त्याने चार गाड्या आवाराच्या मागे टाकून दिल्या, कापलेल्या, गंजलेल्या, पण होत्या. त्यातली एक १९५५ ची लासाल टू, दोन सीटची उघडी गाडी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जो बोर्ट्झ या संग्राहकाने चारही विकत घेतल्या आणि तुकडे जुळवायला काढले. भंगारवाल्यांना आपण नावं ठेवतो, पण या प्रकरणात इतिहासाची कदर दाखवली ती त्यानेच.

समुद्राने नेलेलीही एक आहे. क्रायस्लरची नॉर्समन. ती स्पोर्ट्स कार नव्हे, पण राहवत नाही म्हणून सांगतो. पुढच्या काचेला आधाराचे खांबच नाहीत, छत मागून तरंगत आलेलं. तुरिनमध्ये घिया या बॉडीवाल्यांनी ती घडवली आणि अमेरिकेला पाठवायला 'आंद्रेया दोरिया' जहाजावर चढवली. जुलै १९५६ मध्ये धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसून ते बुडालं. गाडी अजून तळाशीच आहे.

आणि ज्यांनी जपलं त्यांचं काय झालं? बेर्तोने कंपनीने आपल्या गाड्या वर्षानुवर्षं सांभाळल्या. पैशाची चणचण भासली तशी २०११ मध्ये सहा गाड्या लिलावात काढल्या. त्यात मघाची मार्झाल होती आणि झीरोही. एकट्या झीरोला साडेसात लाख युरोंच्या वर किंमत आली. पुढे कंपनीच बुडाली. २०१५ मध्ये उरलेला ७९ गाड्यांचा सगळा संग्रह सुमारे ३४ लाख युरोंना गेला. नशीब, घेणारी इटलीतल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांची मध्यवर्ती संस्था होती आणि तिने तो फुटू दिला नाही.

आम्ही दोघं जूनमध्ये युरोपच्या टूरवर चाललोय. मिलानला दीड दिवस मोकळा आहे. यातलं काही बघता येईल?
*– एक दांपत्य, कोथरूड, पुणे*

दीड दिवस म्हणजे चैन आहे! शहराबाहेर आरेझेला अल्फा रोमिओचं संग्रहालय आहे, तिथे काराबो बघा. १९६८ ची, पुन्हा गांदिनींचीच. हिरवी, भुंगेऱ्याच्या पाठीसारखी चमकणारी, आणि कात्रीसारखी वर उघडणारी दारं पहिल्यांदा हिलाच लागली. काउंटॅशची ती मोठी बहीण. तिच्यासमोर उभं न राहता गुडघ्यावर बसून बघा, गाडी जेमतेम कमरेएवढी आहे. दुसरं ठिकाण मालपेन्सा विमानतळाला लागूनच असलेलं व्होलांदिया. बेर्तोनेचा तो वाचलेला संग्रह तिथे आहे. परतीच्या विमानाआधी तीन तास मिळाले तरी उरकतं. टूरवाला त्या वेळात चामड्याच्या पर्सच्या दुकानात नेईल. वहिनींनाही व्होलांदियाला न्या, पर्स लक्ष्मी रोडवर मिळते.

आपल्याकडे असं काही झालं की नाही?
*– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर*

झालं, पण थोडं. टाटांनी २००० च्या सुमारास 'आरिया' नावाची दोन सीटची उघडी गाडी परदेशी शोमध्ये दाखवली होती. ती आली नाही. २०१० मध्ये ते नाव एका मोठ्या कौटुंबिक गाडीला मिळालं. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हात 'रेसमो' आली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती, दोन सीट. या वेळी वाटलं होतं, की निघेल. हिशेब जुळला नाही आणि तीही गुंडाळली गेली. बाकी जी मॉडेलं मी पाहिली त्यांच्याबद्दल लिहायला मला कागदावर सही करून मनाई आहे. निवृत्त झालो तरी सही माझीच आहे.

वडील पॅटर्नमेकर होते. ते गेल्यावर माळ्यावर एका स्पोर्ट्स कारचं लाकडी मॉडेल सापडलं, दीड हात लांब, काही ठिकाणी रंग उडालेला. भाऊ म्हणतो पॉलिश करून शोकेसमध्ये ठेवू. करू का?
*– एक वाचक भगिनी, सातारा*

ताई, भावाच्या हातातला पॉलिश पेपर आधी काढून घ्या.

हा उडालेला रंग म्हणजे सहसा प्रायमरचा थर असतो. तो चढवायचा, उजेडात बघायचा, चुकलेली जागा खरवडायची, पुन्हा चढवायचा. तुमच्या वडिलांनी कुठे हात थांबवला आणि कुठे पुन्हा लावला, हे त्या डागांवरून कळतं. पॉलिश केलंत तर शोभेची वस्तू उरेल. मऊ ब्रशने धूळ झटका. ओलं फडकं लावू नका, जुना सरस असेल तर सांधे सुटतात. वाळवी तेवढी बघा. लाकडाचा बारीक भुगा पडत असेल तर मॉडेल इतर लाकडी सामानापासून आजच वेगळं करा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, तुमच्याकडचा पावसाळा आत कोंडला जाईल. जुन्या सुती साडीत ठेवा.

आणि ते उलटं करा. आमच्या पिढीचे लोक बुडाला पेन्सिलीने लिहायचे: मधली रेषा, मोजमापाचं प्रमाण, तारीख, कधी ड्रॉइंगचा नंबर. १:५ किंवा १:४ असं काही दिसलं तर फूटपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. डाव्या आणि उजव्या बाजूचा आकार सारखा आहे का, तेही बघा. वेगळा असला तर चूक समजू नका, त्यांना दोन पर्याय दाखवायचे होते. फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, बुडाचा आधी.